घंटा होईपर्यंत

वाघोलीकर सरांनी भज्यांनी तेलकट झालेला हात माझ्या पाठ टाचणाच्या वहीला पुसला. मागच्या कोऱ्या पानाला नव्हे, पहिल्याच पानाला. जिथं मी पट्टी धरून लाल शाईनं 'उद्दिष्टे' लिहिली होती, तिथं. मग दुसरा हातही पुसला आणि विचारलं, "विषय काय तुमचा?"

"इंग्रजी व्याकरण, सर. काळ आणि स्थळ दाखवणारी उभयान्वयी अव्ययं. आठवी ब."

"म्हणजे व्हेन, व्हेअर, अन्टिल."

"हो सर."

"बरं, बरं. या प्लेटीत मिरचीची भजी दिसत नाहीत ती?"

मिरचीची भजी आणायला आमचे हिप्परगेकर सर स्वतः धावले. ते बी.एड. कॉलेजात आम्हाला इंग्रजीची अध्यापन पद्धती शिकवायचे. एरवी आमच्या हातून खडू पडला तरी यांचा आवाज चढायचा. आज तोच आवाज मधात घोळून काढल्यासारखा झाला होता. वाघोलीकर सरांनी तोवर चष्म्याची काडी कानात घातली, फिरवली, बाहेर काढून उजेडाला धरली आणि पँटला पुसली. माझ्या टाचणाला पुसली नाही हे त्यांचे उपकार.

मला तेव्हाच मळमळायला लागलं होतं. तीस वर्षं होऊन गेली, पण अजून कुठं भज्यांचा घाणा लागलेला दिसला की ती लाल अक्षरं आणि त्यांच्यावर पसरत जाणारा तेलाचा डाग डोळ्यांपुढं येतो, आणि मी रस्ता बदलते.

वाघोलीकर सर म्हणजे विद्यापीठानं पाठवलेले बाहेरचे परीक्षक. बी.एड.च्या शेवटी वार्षिक पाठ असतो. एका वर्गावर जाऊन एक तास शिकवायचं, आणि बाहेरचा माणूस मागं बसून गुण देणार. आमच्या कॉलेजात या पाठाची तयारी दोन ठिकाणी चालायची, वहीत आणि चुलीवर. कुणी कोणती भाजी करायची, श्रीखंड कुणाच्या घरचं, विडे कुणी लावायचे, हे आठ दिवस आधी ठरलेलं असायचं. माझ्या वाट्याला भजी आली होती. पहाटे उठून मीच ती तळली होती, आणि आता तीच माझ्या टाचणाला लागली होती.

मी गप्प बसले, कारण त्या पाठावर माझं सगळं अडकलेलं होतं. नवऱ्याचं घर मी दोन वर्षांपूर्वी सोडलं होतं. का सोडलं ते सांगत बसत नाही. पाठीवरचे वळ आता गेलेत. माहेरच्या गावातल्या शाळेत बी.एड. नसताना मला घेतलं होतं, पण संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "प्रयागबाई, या जूनपर्यंत बी.एड. झालात तर जागा तुमची. नाहीतर आमची पुतणी डिग्री घेऊन घरात बसलेलीच आहे." आणि नोकरी गेली तर मला परत त्याच घरात नेऊन घालणार, हे माझ्या भावानं तोंडावर सांगितलं होतं. माझी तीन वर्षांची रेणू आईपाशी ठेवून मी वर्षभर या तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहिले. लेखी पेपर झाले होते. हा एक पाठ तेवढा राहिला होता.

आम्ही ज्या शाळेत पाठ घ्यायचो तिला सराव शाळा म्हणत. सराव आमचा व्हावा म्हणून ती शाळा. पण खरा सराव झाला होता तिथल्या पोरांचा. वर्षभर आमची अख्खी तुकडी त्याच आठवी ब वर तेच तेच घटक शिकवायची. तक्तेसुद्धा नवे नसत, आधीच्या तुकडीकडून वारसाहक्कानं मिळायचे. मी पहिल्यांदा त्या वर्गावर गेले तेव्हा पिशवीतून कोंबडीचा तक्ता अर्धा बाहेर आला नाही तोच सगळा वर्ग ओरडला, "द हेन सिट्स व्हेअर द एग्ज आर!" कोंबडी जिथं अंडी तिथं बसते. मी अजून काही विचारलंच नव्हतं. मग शेवटच्या बाकावरचा एक हडकुळा पोरगा उभा राहिला आणि मला समजावून सांगू लागला, "बाई, आता तुम्ही इचारायचं, हे ठिकाण हाय का येळ. मागल्या बाईनं तसंच केलं व्हतं."

तो लिंबाजी घुले. वाचताना अडखळायचा, स्पेलिंगच्या नावानं शंख, पण मनात आलेलं ओठांत ठेवणं त्याला माहीत नव्हतं. पाठ ऐन रंगात आला असताना उठून "बाई, तुमच्या पदराला खडू लागलाय" म्हणणार, किंवा "सर, ह्या बाईला मागल्या येळी रडू आलं व्हतं" असं पाठ बघायला बसलेल्या सरांना सांगणार. मला तो आवडायचा. त्याची चुलतबहीण कौसल्या त्याच वर्गात पुढच्या बाकावर बसायची. तिची तऱ्हा उलटी. तोंडातून शब्द निघायचा नाही. पण तिला वाक्यं जुळवायची हौस होती. मधल्या सुट्टीत माझ्यामागं उभी राहायची आणि शब्द मागायची, शेजारणीनं वाटीभर साखर मागावी तशी. याला काय म्हणतेत बाई, त्याला काय म्हणतेत. शब्द मिळाला की निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य करून आणायची.

पाठाच्या दिवशी सकाळीसुद्धा ती आली. मी व्हरांड्यात बसून पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे टाचणीनं पक्के करत होते.

"बाई, बेडकाला काय म्हणतेत?"

"फ्रॉग."

"अन् मेलेल्याला?"

"डेड फ्रॉग. आत्ता कशाला गं तुला बेडूक?"

"लई असले तर?"

"फ्रॉग्ज. कौसल्ये, तुझं ठरलेलं वाक्य पाठ आहे ना? ते म्हण म्हणजे झालं."

ती मान हलवून गेली. ठरलेलं वाक्य म्हणजे काय, तेही सांगते. त्या शाळेचे इंग्रजीचे शिक्षक होते ढवळे सर. वार्षिक पाठाआधी चार दिवस ते आठवी ब ची रंगीत तालीम घ्यायचे. कोणत्या प्रश्नाला कुणी हात वर करायचा, कुणी कोणतं वाक्य बोलायचं, कुणी मुद्दाम एक चूक करायची म्हणजे बाईला ती सुधारता येईल, हे सगळं त्यांनी वाटून दिलेलं असायचं. कौसल्येच्या वाट्याला आलं होतं, "आय विल वेट हिअर अन्टिल माय मदर कम्स." आई येईपर्यंत मी इथंच थांबेन. दर तालमीला ते वाक्य ऐकलं की मला माझी रेणू आठवायची आणि मी फळ्याकडे तोंड करायची.

त्याच सकाळी मी ढवळे सरांना शाळेच्या मागच्या बाजूला दहा-बारा पोरांची रांग घेऊन जाताना बघितलं होतं. लिंबाजी रांगेत सगळ्यात पुढं होता. मी विचारलं तर म्हणाले, "मैदानातले दगड वेचायला नेतोय." पाठासाठी वर्गात गेले तर मागचे बाक रिकामे, आणि पुढच्या बाकांवर स्वच्छ धुतलेल्या कपड्यांतली, तेल लावून भांग पाडलेली पोरं.

"सर, मागची मुलं?"

"जत्रेला गेली ती."

"मघाशी तर तुम्ही दगड..."

"अहो बाई," ढवळे सर माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला पास व्हायचंय का हजेरी घ्यायचीय? तो लिंब्या मागल्या साली परीक्षा घ्यायला आलेल्या मोठ्या सरांपुढं काय बोलला ठाऊक आहे ना? अख्ख्या शाळेची लाज गेली. तुम्ही आपलं समोरचं बघून शिकवा."

मी समोरचं बघून शिकवायला लागले.

वाघोलीकर सर आले आणि शेवटच्या रिकाम्या बाकाशेजारी ठेवलेल्या गादीच्या खुर्चीत बसले. हिप्परगेकर सर त्यांच्या उजव्या हाताला, ढवळे सर दाराशी. मी फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं, "व्हेन द बेल रिंग्ज, वी गो होम." घंटा होते तेव्हा आपण घरी जातो. पुठ्ठ्याचं घड्याळ दाखवलं, काटे फिरवले, कोंबडीचा तक्ता लावला. हात वर गेले, उत्तरं आली. ज्या पोराला चूक करायची होती त्यानं अगदी चोख चूक केली. मी ती सुधारली. वर्गानं एका सुरात "थँक यू, मॅडम" म्हटलं. लग्नातल्या भाड्याच्या बँडसारखं सगळं वाजत होतं. मागून मध्ये मध्ये चुक् चुक् असा आवाज यायचा. परीक्षक दातात अडकलेली मिरची जिभेनं काढत होते.

आणखी एक आवाज येत होता. डाव्या भिंतीपलीकडून कुणीतरी ठोकत होतं. तीनदा ठोकायचं, थांबायचं, पुन्हा ठोकायचं. त्या भिंतीपलीकडं प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा आपली नावाला. पत्र्याच्या छपराची, मोडके बाक आणि बाटल्यांतले बेडूक-सरडे ठेवायची अडगळीची खोली.

"ते काय वाजतंय?" वाघोलीकर सरांनी विचारलं.

"सुतार आलाय, सर," ढवळे सर दारातूनच म्हणाले. "बाक दुरुस्तीला."

"बरं. चालू द्या, बाई. छान चाललंय."

जत्रा, दगड आणि आता सुतार. पण घड्याळात तास संपायला थोडाच वेळ होता, आणि टाचणाप्रमाणं आता मुलांनी स्वतःची वाक्यं करायची होती. स्वतःची म्हणजे ढवळे सरांची. एक झालं, दुसरं झालं. मी कौसल्येकडे बोट केलं. "यू, कौसल्या. अन्टिल."

ती उभी राहिली. दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. एकदा भिंतीकडे बघितलं. मग थेट मागं वळून, परीक्षकांकडे तोंड करून, एकेक शब्द ठेवत म्हणाली,

"लिंबाजी विल सिट व्हेअर द डेड फ्रॉग्ज आर, अन्टिल द बिग सर गोज."

मोठे सर जाईपर्यंत लिंबाजी जिथं मेलेले बेडूक आहेत तिथं बसेल.

मला वाटलं, आता वर्गात काहीतरी कोसळेल. ढवळे सरांचं तोंड पांढरं पडलं होतं. हिप्परगेकर सर खुर्चीत अर्धे उठले. आणि वाघोलीकर सरांनी टाळी वाजवली.

"वा! व्हेरी गुड! एक्सलंट! हिप्परगेकर, बघितलंत? एकाच वाक्यात स्थळही आलं आणि काळही आला. व्हेअरही, अन्टिलही. शिवाय एक चूक नाही! आणि कल्पनाशक्ती बघा पोरीची. डेड फ्रॉग्ज!" ते पोट धरून हसले. ते हसले म्हणून हिप्परगेकर सर हसले, मग ढवळे सर हसले, आणि मग शिकवून ठेवल्यासारखा सगळा वर्ग हसला. कौसल्या तेवढी हसली नाही. ती उभीच होती, परीक्षकांकडे बघत.

भिंत पुन्हा वाजली. तीनदा.

मी विचारलं, "कौसल्ये, कुठं आहे गं लिंबाजी?"

"प्रयोगशाळेत हाय बाई. सकाळधरनं. समद्यांला कोंडलंय. ढवळे सरांनी बाहेरून..."

"नो, नो, नो!" वाघोलीकर सरांनी बोट हलवलं. "इंग्रजीच्या तासाला मराठी नाही! बाई, तुम्हीसुद्धा? इतका सुंदर पाठ, आणि तुम्ही मराठीत शिरता? यांना एवढं सांगितलं नाही का हिप्परगेकर? सिट डाऊन, बेबी. पुढं चला."

त्या क्षणी मला शिसारी आली. ही माणसं, ती भजी, ते घड्याळ, तो कोंबडीचा तक्ता, एका सुरातलं ते थँक यू मॅडम, आणि त्या सगळ्याच्या मधोमध खडू घेऊन उभी असलेली मी. पोरीनं खरं सांगितलं होतं, तेही यांना हव्या त्या भाषेत, आणि यांनी त्यातलं व्याकरण तेवढं चोखून बाकीचं थुंकून टाकलं होतं. लोक नंतर मला म्हणाले, बाई, तुमचं धाडस. कसलं धाडस! नासलेलं दूध तोंडात आलं की माणूस थुंकतो, त्याला कुणी धाडस म्हणत नाही. मी खडू टेबलावर ठेवला आणि वर्गाबाहेर पडले.

"बाई! अहो, उपयोजनाची पायरी राहिलीय!" मागून हिप्परगेकर सर ओरडले.

प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप नव्हतं. नुसती कडी होती. कुणीही येता-जाता काढली असती तर निघाली असती. मी ती काढली आणि दार ढकललं.

आतून जो भपकारा आला तो मी विसरूच शकत नाही. एप्रिलचं ऊन, तापलेला पत्रा, खिडक्या खिळे मारून बंद. एक बाटली फुटली होती, तिचं औषध जमिनीवर सांडून डोळे चुरचुरत होते आणि एक पिवळा पडलेला बेडूक कोपऱ्यात पालथा पडला होता. त्यातच मुताचा वास. पोरं भिंतीला टेकून ओळीनं जमिनीवर बसली होती, शर्ट घामानं चिकटलेले, ओठ सुकलेले. एकानं ओली झालेली चड्डी झाकायला दप्तर मांडीवर घट्ट धरलं होतं. मला बघताच सगळी धडपडून उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली,

"गुड मॉर्निंग, मॅडम!"

मला उमाळा आला तो रडण्याचा होता की ओकारीचा, मला कळलं नाही.

"चला," मी म्हटलं. "चला बाहेर. पाणी प्या."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी लिंबाजीकडे बघितलं. भिंत ठोकणारा तोच होता, हातात मोडक्या बाकाचं लाकूड होतं.

"बाई, घंटा झाली का?"

"कसली घंटा?"

"सर म्हणले, घंटा होऊस्तर जो हलंल त्याचं नाव कमी करीन. शाळंतून काढून टाकीन म्हणले." नेहमीचा उडाणटप्पू लिंबाजी, त्याचा आवाज चिरकला होता. "म्या भित ठोकीत व्हतो ते ह्यो किसन्या घेरी आल्यावाणी करायलाय म्हनून. पर भाईर न्हाई यायचं बाई. माझा बाप जीव घेईल."

दार उघडं होतं. बाहेर ऊन दिसत होतं, पलीकडं पाण्याचा हापसा दिसत होता. आणि ती पोरं उंबऱ्याच्या आत उभी होती. शिस्त म्हणतात ती हीच असेल तर आग लागो तिला.

मी मैदानात आले. लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच शाळेची घंटा. झाडाखाली सय्यदमामा शिपाई परीक्षकांसाठी विडे लावत बसले होते. मी लोखंडी दांडा उचलला तसे ते दचकले.

"बाई, टाइम झाला न्हाई अजून."

"झाला, मामा."

तासाची घंटा दोन टोल्यांची असते. मी शाळा सुटल्याची घंटा दिली, लांबलचक, थांबता न थांबणारी. दंड भरून आले तरी देत राहिले. पहिल्यांदा पाचवीचे वर्ग फुटले. मग सहावी, सातवी. पाहता पाहता सगळी शाळा दप्तरं घेऊन मैदानात. वर्गावर्गांत आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या माझ्या मैत्रिणी हातात तक्ते घेऊन रिकाम्या बाकांपुढं उभ्या राहिल्या. फळ्यावर लिहिलंच होतं मी, घंटा होते तेव्हा आपण घरी जातो. आणि त्या गर्दीत मी बघत होते ते एकच दार. त्यातून लिंबाजी बाहेर आला. किसनचा हात त्याच्या खांद्यावर होता. मग बाकीची आली आणि हापशावर तुटून पडली. मी दांडा खाली टाकला.

वाघोलीकर सर व्हरांड्यात आले, घड्याळ बघितलं, आणि प्रसन्न चेहऱ्यानं विचारलं, "आज जेवण लवकर आहे का?"

पुढचं सगळं हिप्परगेकर सरांच्या कुजबुजीत झालं. त्यांनी मला जिन्याखाली ओढलं. "काय केलंत हे? तुम्हाला वेड लागलं का? ऐका, अजून वेळ गेलेली नाही. बाकीच्यांचे पाठ जेवणानंतर घेतोय, तुमचाही परत घेऊ. तुम्ही सरांपुढं एवढंच म्हणायचं, की खोडकर पोरं आपणहून आत जाऊन बसली होती, ते बघून मी गोंधळले, चूक झाली. बस. गुण देतील ते. पाठ आवडलाय त्यांना."

"आपणहून बसली?"

"हो."

"आणि बाहेरून कडीही त्यांनीच लावली?"

"बाई, नाहीतर तुमचं वर्ष गेलं. जूनमध्ये ती जागा जाईल तुमची. तुम्हीच मला सांगितलंय ना, परत कुठं जावं लागेल ते?"

मी त्यांना विश्वासानं सांगितलं होतं. त्यांनी तेच आता सुरीसारखं माझ्यापुढं धरलं. मी तडक जेवणाच्या खोलीत गेले. वाघोलीकर सर पाटावर बसले होते, पानात श्रीखंड, बोटं पिवळी. ढवळे सर वाढत होते.

"सर," मी म्हटलं, "त्या मुलीनं कल्पनेनं काही केलं नव्हतं. ढवळे सरांनी पोरं सकाळपासून कोंडून ठेवली होती. एक घेरी येऊन पडायच्या बेतात होता. मी कडी काढली आणि घंटा दिली. माझी चूक झालेली नाही."

ढवळे सरांच्या हातातला डाव थांबला. वाघोलीकर सरांनी मात्र एक बोट चाटलं, मग दुसरं. "अहो बाई," ते समजुतीनं म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी थोडंफार करावंच लागतं शाळांना. मी इतकी वर्षं हिंडतोय, सगळीकडं करतात. कळतं आम्हाला. भिंत वाजली तेव्हाच ओळखलं मी."

"ओळखलं?"

"सुतार असा ठोकतो होय?" ते हसले. "पण त्या पोरीचं वाक्य काय होतं हो! स्थळ आणि काळ, दोन्ही. थोडं आणखी वाढा, ढवळे."

आजवर कुणी मारलं, कुणी शिव्या दिल्या, त्याचा मला राग आला. पण माणसाची इतकी किळस मला आयुष्यात दुसऱ्यांदा आली नाही. पाठीवर वळ उठवणाऱ्या माणसाचीसुद्धा नाही. तो निदान चाटत नव्हता.

दुपारी पोरांना परत गोळा करून बाकीच्या मुलींचे पाठ झाले. माझा झाला नाही. माझं टाचण मला परत मिळालं, तेलाचा डाग वाळून पान पारदर्शक झालं होतं आणि खाली वळणदार अक्षरात शेरा होता, 'विषयज्ञान उत्तम. परंतु छात्राध्यापिकेस स्थळकाळाचे भान नाही. अनुत्तीर्ण.' जूनमध्ये माझ्या जागेवर अध्यक्षांची पुतणी लागली. भाऊ मला नवऱ्याकडं पोचवायला निघाला तेव्हा मी रेणूला कडेवर घेऊन मधल्या स्टँडवर उतरले आणि परत चढलेच नाही. त्या गावात वर्षभर ब्लाउज शिवले, पुढच्या साली दुसऱ्या कॉलेजातून पाठ दिला आणि पास झाले. नंतर तीन शाळांत शिकवलं. कुठल्याही शाळेत माझ्या वर्गाच्या दाराला बाहेरून कडी मी राहू दिली नाही. पहिल्याच दिवशी उचकटून काढायची.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी दुपारी मी पुठ्ठ्याचं घड्याळ बगलेत मारून शाळेच्या फाटकातून निघाले, तर फाटकाच्या खांबाशी कौसल्या उभी होती. शाळा सुटून किती वेळ झाला होता, तरी ती घरी गेली नव्हती. कान लालभडक झाला होता, सुजलाही होता.

"कुणी मारलं?"

तिनं कान हातानं झाकला. म्हणाली, "बाई, माझं वाक्य चुकलं व्हतं का?"

"नाही गं. अगदी बरोबर होतं. सर व्हेरी गुड म्हणाले ना?"

"व्हय." तिनं चपलेच्या टोकानं माती उकरली. "सकाळी म्या ढवळे सरांला मराठीत म्हणलं व्हतं, लिंबाजीला सोडा, त्यो अंधाराला भितो. त्यांनी तवाबी कान पिळला. मग म्या म्हणलं, मोठे सर इंग्रजीचे हायेत, त्यांला इंग्रजीत सांगावं. म्हणून तुमच्याकडून बेडूक इचारून नेला. लई डाव म्हणून बघितलं मनातल्या मनात."

"चांगलं जुळवलं होतंस."

"बरोबर व्हतं ना बाई? समदं?"

"सगळं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळत नव्हतं, आणि माझ्याशिवाय विचारायला तिला दुसरं कुणी नव्हतं.

"मग ते उठले कामून न्हाईत?"